‘फिले’ नौकेचा प्रवास

इजिप्तला पाहुण्यांची सवय फार जुनी आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकात ग्रीक इतिहासकार हिरोडोटस तेथे आला, तेव्हाच गीझाच्या पिरॅमिडांना दोन हजार वर्षे होऊन गेली होती. त्याच्याही आधी, सहाव्या शतकाच्या आरंभी, फेरो दुसरा सॅमेटिकस याच्या सैन्यातील ग्रीक भाडोत्री शिपाई दक्षिणेकडील मोहिमेवर असताना अबू सिंबेल येथे थांबले आणि तेथील एका प्रचंड मूर्तीच्या पायावर आपली नावे कोरून पुढे गेले. इ. स. १३० मध्ये रोमन सम्राट हेड्रियन थीब्जला आला. त्याच्या परिवारातील एका कवयित्रीने मेम्नॉनच्या पुतळ्यावर आपल्या कविता कोरविल्या. प्राचीन इजिप्त पाहावयास जाणे आणि पाहून झाल्यावर दगडावर आपली खूण ठेवून येणे, ह्या दोन्ही चाली अर्वाचीन प्रवाशांनी सुरू केलेल्या नाहीत.

एकोणिसाव्या शतकात मात्र ह्या पाहुण्यांची संख्या वाढली आणि त्यांच्या पाहण्याचे स्वरूपही बदलले. नेपोलियनने १७९८ साली इजिप्तवर स्वारी केली ती सैन्याबरोबर विद्वानांचे एक पथक घेऊन. १७९९ मध्ये रोझेटा येथे त्रिविध लेखाची शिळा सापडली आणि १८२२ मध्ये शांपोल्यों ह्या फ्रेंच पंडिताने चित्रलिपीचे कोडे उलगडले. बुर्कहार्ट ह्या स्विस प्रवाशाला १८१३ साली अबू सिंबेलचे मोठे देऊळ वाळूत जवळजवळ गाडलेले आढळले. १८१७ च्या ऑगस्टमध्ये बेल्झोनी आणि त्याच्या मूठभर सोबत्यांनी वाळू उपसून त्यात प्रवेश मिळविला. पुढे १८६९ मध्ये सुएझचा कालवा खुला झाला, आणि त्याच वर्षी टॉमस कुक याने आपली पहिली प्रवासी मंडळी नाईल नदीवर नेली. पूर्वी जे धाडस होते, त्याचे आता सहलीत रूपांतर झाले.

ह्या सहलीचे दोन प्रकार होते. ज्यांना वेळ थोडा होता ते आगबोटीने जात आणि ठराविक दिवसांत ठराविक देवळे पाहून परत येत. ज्यांच्यापाशी पैसा आणि सवड दोन्ही होती अशी चार-सहा माणसे एकत्र येऊन ‘दहाबिया’ नावाची शिडाची नौका भाड्याने घेत आणि आपल्या मर्जीप्रमाणे दोन-चार महिने नदीवर राहत. सपाट तळाची, दोन डोलकाठ्यांची, मागच्या अंगाला खोल्या असलेली ही नौका म्हणजे एक तरते बिऱ्हाडच असे. १८७३-७४ च्या हिवाळ्यात अशाच एका नौकेतून एका लहानशा इंग्रज मंडळाने केलेला प्रवास इजिप्तच्या इतिहासात नोंदला गेला आहे. करमणुकीसाठी निघालेल्या ह्या मंडळाच्या प्रवासातून जे निष्पन्न झाले, त्याची त्यांना निघताना कल्पनाही नव्हती.

मंडळाची प्रमुख अमेलिया एडवर्ड्‌स ही १८३१ मध्ये लंडन येथे जन्मली. कादंबरीकार आणि वृत्तपत्रांत लिहिणारी लेखिका म्हणून तिने नाव मिळविले होते. पुराणवस्तूंचा अभ्यास करावा, ह्या हेतूने ती इजिप्तला गेली नव्हती. १८७३ च्या शरद ऋतूत ती आणि तिची मैत्रीण ल्यूसी रेनशॉ युरोपात फिरत असता पावसाने त्यांचा पिच्छा पुरविला, आणि कोरड्या आकाशाच्या शोधात त्या समुद्र ओलांडून नोव्हेंबरच्या अखेरीस कैरोला येऊन पोहोचल्या. बूलाकच्या धक्क्यावर अनेक दिवस नौका पाहत हिंडल्यावर त्यांनी एक दहाबिया ठरविली. तिचे नाव ‘फिले’. आस्वानजवळील ज्या बेटावर तेव्हा इसिस देवीचे मंदिर होते, त्या बेटाचे हे नाव. १३ डिसेंबर १८७३ रोजी नौकेने शीड उभारले. लवकरच अँड्र्यू मॅककॅलम हा चित्रकार आणि आणखी काही इंग्रज प्रवासी त्यांना येऊन मिळाले. तांडेल रईस हसन, सुकाणू धरणारा, खलाशी, दुभाष्या, आचारी आणि वाढपी मिळून सुमारे वीस माणसे ह्या मोजक्या प्रवाशांच्या दिमतीला होती. मेरियन ब्रॉकलहर्स्ट आणि मेरी बूथ ह्या दोघी स्त्रियांची दुसरी एक नौका बराच काळ त्यांच्या सोबतीने चालत होती.

नाईलवरील प्रवासाचे गणित निसर्गानेच घालून दिलेले आहे. नदी दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहते आणि हिवाळ्यात वारा बहुधा उत्तरेकडून दक्षिणेकडे वाहतो. जाताना शिडात वारा भरून घ्यावयाचा आणि येताना प्रवाहावर सोडून द्यावयाचे. म्हणून अनुभवी तांडेल जाताना कोठे फारसे थांबू देत नसे. देवळे पाहणे परतीसाठी राखून ठेवलेले असे. आणखी एक योगायोग असा की, उत्तरेकडून दक्षिणेकडे जाणारा प्रवासी ढोबळमानाने काळाच्या ओघाबरोबर जात असतो. गीझा आणि सक्कारा येथील पिरॅमिड सर्वांत जुने. मध्ये बेनी हसनची लेणी, ती मधल्या राज्यकालातील. मग थीब्ज, जेथे नव्या राज्यकालातील फेरोंनी कर्नाकची मंदिरे आणि पलीकडच्या डोंगरांतील थडगी उभारली. त्याच्याही पुढे एडफू, कोम ओम्बो आणि फिले, जी ग्रीक टॉलेमी राजांच्या व रोमनांच्या अमदानीतील. अडीच हजार वर्षांचा इतिहास नदीच्या दोन्ही काठांवर असा क्रमाने मांडलेला आहे, आणि त्याच्या मागे दोन्ही बाजूंना वाळवंट आहे. पिकाची हिरवी पट्टी संपते तेथेच वाळू सुरू होते; एक पाय शेतात आणि दुसरा वाळवंटात ठेवून मनुष्य उभा राहू शकतो. ह्या कोरड्या वाळूनेच लाकूड, कापड, रंग आणि मृतांची शरीरे हजारो वर्षे टिकवून धरली.

ही गोष्ट प्रवाशांना सक्कारा येथे पहिल्यांदा जवळून दिसली. तेथील वाळवंटात चालताना पायांखाली खापऱ्या, ममीच्या कापडाच्या चिंध्या आणि माणसांची हाडे येत होती. प्रथम त्यांना धक्का बसला. परंतु तो फार टिकला नाही. थोड्याच दिवसांत आपण सर्वच जण थडग्यांतील धूळ चाळून मणी आणि ताईत वेचण्यात निर्ढावलो, हे अमेलियाने कोणतीही सारवासारव न करता लिहून ठेवले आहे. प्राचीन वस्तू हाती लागण्याचा मोह संसर्गजन्य असतो आणि सुशिक्षित माणसालाही तो सोडीत नाही, असा तिचा अनुभव. ह्या प्रामाणिकपणामुळे तिच्या प्रवासवर्णनाला ऐतिहासिक पुराव्याचे मोल आले आहे.

त्या काळच्या इजिप्तमध्ये युरोपीय प्रवाशाचे स्थान काय होते, हेही ह्या प्रवासात दिसून येते. एकदा मंडळातील एक गृहस्थ शेतात पक्ष्यांची शिकार करीत असता त्याच्या बंदुकीचे काही छरे पिकात असलेल्या एका लहान मुलाला लागले. जखम मोठी नव्हती. पण गावकरी संतापून धावून आले आणि त्यांनी त्या गृहस्थाला मार दिला. प्रकरण अधिकाऱ्यांपर्यंत गेले ते मात्र गावकऱ्यांविरुद्ध, आणि पकडले गेले तेही गावकरीच. परकी पाहुणा आणि त्या भूमीत राबणारा शेतकरी यांना एकच न्याय नव्हता. दगडी देवळांची जी गत, तीच देवळांभोवती राहणाऱ्या माणसांची होती. पाहुण्याची इच्छा तेवढी मोजली जाई.

आस्वानच्या वर नाईलचा पहिला धबधबा लागतो. धबधबा म्हणजे उंचावरून कोसळणारे पाणी नव्हे, तर काळ्या खडकांच्या बेटांतून मार्ग काढणारा खळाळ. तेथील शेखच्या हुकमतीखालील माणसे जाड दोर बांधून दहाबिया वर ओढून नेत. ह्या कामाला काही दिवस लागले. खळाळ ओलांडून शांत पाण्यात आल्यावर समोर ते बेट दिसले, ज्याचे नाव नौकेला दिलेले होते. ताडांच्या झाडांतून वर आलेली इसिस मंदिराची गोपुरे आणि काठावरचा उघडा स्तंभमंडप. इजिप्तच्या जुन्या धर्माची पूजा सर्वांत शेवटी जेथे टिकून राहिली ते हे स्थान. सहाव्या शतकात बायझंटाईन सम्राट जस्टिनियन याच्या आज्ञेने ते बंद झाले. येथून पुढे नुबियाचा प्रदेश. काठावरची हिरवी पट्टी तेव्हा कोठे कोठे केवळ काही हात रुंद राहत असे, डोंगर पाण्यापर्यंत येत आणि पश्चिमेकडची सोनेरी वाळू थेट नदीत उतरत असे.

३१ जानेवारी १८७४ च्या रात्री, चांदण्यात, ‘फिले’ अबू सिंबेलला लागली. इसवी सनापूर्वी तेराव्या शतकात दुसरा रामसेस याने येथील कड्यात दोन देवळे कोरविली. मोठ्या देवळाच्या दर्शनी भागावर त्याच्याच चार बैठ्या मूर्ती आहेत. प्रत्येकीची उंची सुमारे वीस मीटर. एकीचा वरचा भाग प्राचीन काळीच कोसळून पायथ्याशी पडला. पहाटे सूर्य समोरच्या डोंगरावर आला की त्याचा किरण प्रथम ह्या मुखांवर पडतो; आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारी व ऑक्टोबर महिन्यांत, तो देवळाच्या आतील गाभाऱ्यापर्यंत पोहोचतो. दोन देवळांच्या मधून वाळवंटातील वाळूचा एक लोंढा वरून खाली आलेला होता. अमेलिया रोज पहाटे उठून ह्या मूर्ती उजळताना पाहत असे. जाता-येता मिळून अठरा दिवस त्यांची नौका येथे राहिली. आगबोटीच्या प्रवाशांना हे भाग्य लाभणे शक्यच नव्हते.

ह्या अठरा दिवसांत दोन गोष्टी घडल्या. पहिली थोडी विनोदी आहे. उत्तरेकडच्या मूर्तीच्या मुखावर पांढरे डाग होते. अर्धशतकापूर्वी रॉबर्ट हे ह्या स्कॉटिश प्रवाशाने त्या मुखाचा प्लास्टरचा साचा घेतला होता आणि प्लास्टरचे गोळे तसेच चिकटून राहिले होते. अमेलियाने डोलकाठ्या आणि वल्ही बांधून परांची उभारविली आणि खलाशांकडून ते प्लास्टर खरवडून काढविले. जेथे पांढरेपणा जाईना तेथे कॉफीचा काढा लावून दगडाशी रंग मिळविण्यात आला. एका पाहुण्यासाठी इतकी कॉफी लागलेली पाहून नौकेवरील आचारी हवालदिल झाला. उपाय शास्त्रीय नव्हता. पण दुसऱ्याने केलेली नासधूस आपण दुरुस्त करावी, ही बुद्धी येथे प्रथम दिसते.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर. मोठ्या देवळाच्या दक्षिणेस हिंडत असताना मॅककॅलमला कड्याच्या पायथ्याशी एक चीर दिसली आणि तिच्या आत पोकळी असल्याचे त्याच्या ध्यानात आले. थडग्याचे दार सापडले आहे, ताबडतोब या आणि बरोबर थोडे खाणे पाठवा, असा त्याचा निरोप नौकेवर आला. जेवण टाकून सर्व मंडळी धावली. भर दुपारच्या उन्हात प्रवाशांनी आणि खलाशांनी हातांनी वाळू उपसली. मग शेजारच्या गावांतून माणसे बोलावण्यात आली. वाळू हटल्यावर जे दिसले ते थडगे नव्हते. ती खडकात कोरलेली एक लहान देवखोली होती. भिंतींवर रामसेस देवांना नैवेद्य अर्पण करीत आहे, अशी चित्रे. आणि शतकानुशतके वाळूने झाकून ठेवल्यामुळे त्यांचे रंग ताजे राहिलेले. मॅककॅलमने ह्या शोधाची हकीकत लंडनच्या ‘टाइम्स’ पत्राला कळविली. अमेलियाने खोलीची मापे घेतली आणि चित्रे व लेख उतरवून घेतले. निघण्यापूर्वी मंडळाने आतील एका कोऱ्या जागेवर आपली नावेही लिहिली. ज्यांनी वाळू उपसली त्या गावकऱ्यांची नावे तेथे नाहीत.

काही काळाने अमेलियाला कळले की, त्या भिंतींवरील चित्रांची पुष्कळ खराबी झाली आहे. हा आघात तिला विसरता आला नाही. वाळूच्या आड जे तीन हजार वर्षे सुरक्षित होते, ते उघडे पडताच अल्पावधीत विटू लागले. आणि उघडे करणारे हात आपलेच होते. तिने आपल्या ग्रंथात ह्या विध्वंसाची साखळी स्पष्ट मांडली आहे. प्रवासी भिंतीवर नाव खरडतो. अभ्यासक ओल्या कागदाचे ठसे घेताना मूळचा रंग पुसून टाकतो. संग्राहक मिळेल ते विकत घेतो आणि त्याच्यासाठी गावचा मनुष्य चोरी करतो. ह्यांतील कोणालाही आपण विध्वंस करीत आहोत असे वाटत नाही. प्रत्येकाला त्या वस्तूंचे प्रेमच असते.

परतीच्या वाटेवर थीब्जमध्ये ह्या साखळीचे शेवटचे टोक पाहावयास मिळाले. पुराणवस्तू देशाबाहेर नेण्यास इजिप्तच्या सत्ताधीशाने १८३५ मध्येच बंदी घातली होती. ऑग्युस्त मारिएत हा फ्रेंच अधिकारी १८५८ पासून पुराणवस्तु खात्याचा प्रमुख होता, आणि १८६३ मध्ये बूलाक येथे संग्रहालयही उघडले होते. तरीही लक्सरच्या काठावर खऱ्या-खोट्या वस्तूंचा बाजार उघड चाले. अमेलियाला तेथे एक पपायरस आणि एक ममी चोरून दाखविण्यात आली. तिलाही पपायरसचा मोह पडला आणि घासाघीसही झाली. अखेरीस सोबतच्या नौकेवरील दोघींनी दोन्ही वस्तू मोठी किंमत देऊन घेतल्या, आणि ममीचा वास असह्य झाल्यामुळे आठवड्याभरात तिला नदीत बुडविले, असे अमेलियाने लिहिले आहे. हजारो वर्षे जपलेला एक मानवी देह असा संपला. त्याच सुमारास, नदीच्या पश्चिमेला डोंगरातील एका खोल विवरात फेरोंच्या ममींचा मोठा साठा कुर्ना गावातील एका कुटुंबाला सापडलेला होता आणि त्यातील वस्तू थोड्या थोड्या बाजारात येत होत्या. १८८१ साली तो साठा सरकारच्या हाती आला. त्यात दुसऱ्या रामसेसचा देहही होता. अबू सिंबेलच्या दगडी मुखावरील डाग कॉफीने झाकले जात होते, त्या दिवसांत त्या मुखाचा खरा धनी चोरांच्या ताब्यात होता. आज तो कैरोच्या राष्ट्रीय संस्कृती संग्रहालयात आहे.

वादी हल्फाजवळील दुसऱ्या धबधब्यापर्यंत जाऊन ‘फिले’ परत फिरली होती. तेथील अबूसीरच्या कड्यावर चढून मंडळाने दक्षिणेकडचे अफाट वाळवंट पाहिले; तो कडाही पूर्वीच्या प्रवाशांच्या नावांनी भरलेला होता. १८७४ च्या वसंतात प्रवास संपला. मंडळातील इतर माणसे आपापल्या उद्योगाला लागली. अमेलियाचे मात्र तसे झाले नाही. तिने चित्रलिपीचा अभ्यास सुरू केला, ब्रिटिश म्यूझियममधील तज्ज्ञांशी पत्रव्यवहार ठेवला आणि दोन वर्षे खपून ‘नाईलवर हजार मैल’ हा ग्रंथ सिद्ध केला. १८७७ मध्ये तो प्रसिद्ध झाला. त्यातील चित्रे तिने स्वतः केलेल्या रेखाटनांवरून तयार केलेली होती. ग्रंथ लोकप्रिय झाला. पण तेवढ्याने विध्वंस थांबणार नाही हे तिला कळत होते. आवाहनापेक्षा संस्था हवी होती.

१८८२ मध्ये ब्रिटिश म्यूझियममधील नाणेविभागाचे प्रमुख रेजिनाल्ड स्ट्यूअर्ट पूल यांच्या साहाय्याने तिने ‘ईजिप्त एक्स्प्लोरेशन फंड’ स्थापन केला. पहिल्या मोठ्या देणगीदारांत सर इरॅस्मस विल्सन हे शल्यवैद्य होते. ह्याच गृहस्थांनी काही वर्षांपूर्वी ‘क्लिओपात्राची सुई’ म्हणून ओळखला जाणारा इजिप्तमधील स्तंभ लंडनला आणण्याचा खर्च सोसला होता. इजिप्तमधून वस्तू आणण्यासाठी खुली झालेली थैली आता तेथे शास्त्रीय उत्खनन व्हावे म्हणून खुली झाली, हा बदल लक्षात घेण्याजोगा आहे. फंडातर्फे एद्वार नाव्हील आणि त्यानंतर फ्लिंडर्स पेट्री हे संशोधक इजिप्तला गेले. पेट्रीने उत्खननाची दृष्टीच पालटली. सोने आणि पुतळे यांच्या मागे न लागता त्याने फुटक्या खापऱ्यांचा क्रम लावला, प्रत्येक वस्तू कोणत्या थरात सापडली याची नोंद ठेवली आणि कचरा म्हणून फेकल्या जाणाऱ्या वस्तूंतून कालगणना उभी केली. सक्काराच्या वाळूत प्रवासी ज्या खापऱ्या तुडवीत गेले होते, त्यांना आता पुराव्याची प्रतिष्ठा मिळाली.

अमेलियाने कादंबरीलेखन जवळजवळ सोडून दिले. फंडाची चिटणीस म्हणून तिने हजारो पत्रे आपल्या हाताने लिहिली. १८८९-९० च्या हिवाळ्यात अमेरिकेत व्याख्यानांचा मोठा दौरा करून तिने पैसा आणि सहानुभूती मिळविली. १५ एप्रिल १८९२ रोजी ती निवर्तली. आपला ग्रंथसंग्रह, पुराणवस्तूंचा संग्रह आणि अध्यासनासाठी निधी तिने लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजला दिला. स्त्रियांना पुरुषांच्या बरोबरीने पदवीशिक्षण देणारी ती संस्था होती. इंग्लंडमधील इजिप्तविद्येचे पहिले अध्यासन त्यातून निर्माण झाले आणि पेट्री त्याचा पहिला प्राध्यापक झाला. फंडाच्या कार्याला दुसरी बाजूही आहे, ती नाकारता येत नाही. उत्खननात सापडलेल्या वस्तूंचा काही हिस्सा त्या काळच्या नियमांप्रमाणे इजिप्तबाहेर जाई आणि देणगीदार संग्रहालयांना वाटला जाई. चोरीची जागा परवान्याने घेतली. पण वस्तू परदेशी जाण्याचे थांबले नाही. इजिप्तने १९८३ च्या कायद्याने पुराणवस्तूंचा व्यापार बंद केला आणि त्या वाटणीच्या पद्धतीलाही आळा घातला.

ह्या कथेचा पुढचा भाग पाण्याचा आहे. १९०२ मध्ये आस्वानचे पहिले धरण पुरे झाले आणि फिले बेट दरवर्षी काही महिने पाण्याखाली जाऊ लागले. धरणाची उंची १९१२ पर्यंत आणि पुन्हा १९३३ पर्यंत वाढविण्यात आली. प्रवासी आता होडीत बसून खांबांच्या माथ्यांमधून फिरत, आणि भिंतींवरील रंग पाण्याने धुऊन जात. नुबियातील गावांना प्रत्येक वेळी वरच्या बाजूला सरकावे लागले. १९६० च्या जानेवारीत उंच धरणाचे काम सुरू झाले तेव्हा तर संपूर्ण नुबिया बुडणार हे निश्चित झाले. ८ मार्च १९६० रोजी युनेस्कोने जगाला मदतीची हाक दिली आणि अनेक देशांची पथके नुबियात उतरली. भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाचे एक पथकही ब्रजबासी लाल यांच्या नेतृत्वाखाली १९६१-६२ च्या हंगामात अफ्येह येथे उत्खननासाठी गेले होते. अमेलियाने स्थापन केलेला फंड १९१९ पासून ‘ईजिप्त एक्स्प्लोरेशन सोसायटी’ ह्या नावाने काम करीत होता. त्याच्या पथकांनी बुहेन आणि कस्र इब्रीम येथील काम उचलले. ज्या नदीवर ‘फिले’ नौका तरली होती, त्याच नदीच्या वाढत्या पाण्याशी तिच्या एका प्रवाशाने उभारलेली संस्था आता शर्यत करीत होती.

अबू सिंबेलची दोन्ही देवळे १९६४ ते १९६८ ह्या काळात कापून वर हलविण्यात आली. कड्याचा वरचा भाग फोडताना इजा होऊ नये म्हणून दर्शनी मूर्ती प्रथम वाळूने झाकण्यात आल्या. बेल्झोनीने आणि नंतर कितीएक जणांनी जी वाळू उपसली होती, तीच पुन्हा रक्षणासाठी घालण्यात आली. मग दर्शनी भाग हातकरवतींनी कापले गेले; हजारांहून अधिक चिरे पूर्वीच्या जागेपासून सुमारे पासष्ट मीटर उंच नेऊन जोडण्यात आले. २२ सप्टेंबर १९६८ रोजी देवळे पुन्हा खुली झाली. फिलेचे मंदिर त्यानंतर उतरवून शेजारच्या अगिल्किया बेटावर उभारले गेले आणि १९८० मध्ये ते काम पुरे झाले. डेंडूर, डेबोड, ताफा आणि एल्लेसिया येथील देवळे इजिप्तने मदतीची फेड म्हणून अनुक्रमे न्यूयॉर्क, माद्रिद, लायडन आणि तुरीन ह्या शहरांना दिली.

देवळे हलविता आली, गावे हलविता आली नाहीत. इजिप्त आणि सुदान मिळून सुमारे एक लाख नुबियन लोकांना १९६३-६४ च्या सुमारास आपली घरे, खजुरीची झाडे आणि पूर्वजांच्या कबरी सोडाव्या लागल्या. इजिप्तमधील लोकांना कोम ओम्बोजवळच्या नव्या वसाहतींत आणि सुदानमधील लोकांना वादी हल्फापासून शेकडो मैल दूर खश्म अल-गिरबा येथे वसविण्यात आले. ज्या गावांतील माणसांनी १८७४ मध्ये मॅककॅलमच्या देवखोलीपुढील वाळू उपसली, ती गावे आज सरोवराच्या तळाशी आहेत. जगाने दगडांसाठी जितकी हळहळ व्यक्त केली तितकी ह्या माणसांसाठी केली नाही.

‘फिले’ नौकेच्या प्रवासाचे महत्त्व ह्या सर्व पार्श्वभूमीवर पाहावे लागते. त्या मंडळाने इतर प्रवासी करीत तेच सर्व केले. त्यांनी वाळू उपसली, थडगी चाळली, भिंतीवर नावे लिहिली, बाजारात घासाघीस केली. वेगळेपण एवढेच की, त्यांच्यातील एका व्यक्तीने आपल्या पाहण्याची किंमत कोण देत आहे हे ओळखले आणि उरलेले आयुष्य ती फेडण्यात घालविले. तिचीही दृष्टी मुख्यतः दगडांवर होती. दगडांभोवतीची माणसे तिला दिसली, पण त्यांच्यासाठी संस्था निघाली नाही. ते काम पुढच्या पिढ्यांकडे राहिले आणि पुष्कळसे अजूनही व्हावयाचे आहे. दर हिवाळ्यात आजही लहान-मोठी मंडळे नाईलवर जातात, अबू सिंबेलच्या मूर्तींवर पहाटेचा किरण पडताना पाहतात आणि आनंदित होऊन परततात. त्या मूर्ती आज आहेत त्या जागी का आहेत, आणि मूळ जागेवरच्या पाण्याखाली काय काय आहे, एवढे ज्याला ठाऊक असते, त्याचे पाहणे अधिक सार्थ होते.